शोधनिबंध छापून मिळतील

‘साभार परत’ हे दोन शब्द मराठीत लिहिणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. आपल्याच अक्षरात आपलाच पत्ता लिहिलेलं, आपणच तिकीट लावून दिलेलं पाकीट पोस्टमन दारात टाकून गेला, की आत काय आहे ते फोडण्याआधीच कळत असे. या दोन शब्दांवर मराठीत विनोद पुष्कळ झाले. संपादकांवर रागही पुष्कळ निघाला. पण त्या शब्दांत एक गोष्ट गृहीत होती, आणि हल्ली तिची आठवण करून द्यावी लागते. परत पाठवण्याआधी कुणीतरी ते लिखाण वाचलेलं असे. सगळं नाही, तर निदान पहिली दोन पानं तरी.

मी आयुष्यभर ग्रंथपाल. सीमाभागातल्या एका कॉलेजात तीसाहून अधिक वर्षं पुस्तकं देण्याघेण्यात गेली. त्यातल्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत पुस्तकांपेक्षा पत्रंच जास्त वाचली असं म्हटलं तरी चालेल. ही पत्रं आमच्या प्राध्यापकांना ई-मेलनं येत आणि ‘जरा बघा हो, हे बरं आहे का’ असं म्हणत ती मंडळी मला दाखवायला आणत. त्या शेकडो पत्रांत ‘साभार परत’ असं एकही नव्हतं.

त्यांचा मायना ठरलेला. ‘आदरणीय डॉक्टरसाहेब’, मग समोरचा डॉक्टर असो वा नसो. ‘आपलं थोर संशोधन वाचून आमचं संपादक मंडळ भारावून गेलं आहे’ हे पुढचं वाक्य. आमच्या भूगोलाच्या सरांना एकदा असं पत्र दंतवैद्यकाच्या नियतकालिकाकडून आलं होतं. लेख पाठवा, अठ्ठेचाळीस तासांत स्वीकृती कळवू, पाच दिवसांत प्रसिद्ध करू, सोबत प्रमाणपत्र घरपोच. सहलेखक असतील तर प्रत्येकाला वेगळं प्रमाणपत्र. आणि सर्वांत शेवटी बँकेचा खातेक्रमांक. हे वाचताना मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छापखान्याची पाटी आठवायची : ‘लग्नपत्रिका, हँडबिलं, व्हिजिटिंग कार्डं छापून मिळतील.’ तो छापखानेवाला मात्र प्रामाणिक माणूस. आपण विद्यापीठ आहोत असं त्यानं कधी म्हटलं नाही.

गंमत अशी, की हा सगळा धंदा उभा राहिला तो एका फार चांगल्या कल्पनेच्या आधारानं. परदेशी संशोधन-नियतकालिकांच्या वर्गण्या आमच्यासारख्या कॉलेजांना कधीच परवडल्या नाहीत. दर मार्चला यादी घेऊन प्राचार्यांपुढे बसायचं आणि यंदा कोणावर काट मारायची ते ठरवायचं, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. म्हणून फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टहून जेव्हा जाहीरनामा निघाला, की संशोधन इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचायला मिळालं पाहिजे, तेव्हा माझ्यासारख्याला आनंदच झाला. ‘ओपन अ‍ॅक्सेस’, म्हणजे मुक्तद्वार. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठानं अशा मुक्तद्वार नियतकालिकांची एक सूचीही सुरू केली. तिचं नाव डीओएजे. ती आजही चालू आहे.

वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, तर खर्च भागवायचा कसा? काही ठिकाणी विद्यापीठं, अकादम्या हा भार उचलतात. आपल्या बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिकं अशीच कुणालाही वाचता येतात. काही ठिकाणी मात्र लेख स्वीकारल्यावर लेखकाकडून शुल्क घ्यायची पद्धत पडली. तिच्यात पाप काही नाही. नावाजलेली नियतकालिकंही शुल्क घेतात. पण या पद्धतीत एक चोरवाट होती. वाचक वर्गणी भरत असे तेव्हा वाईट मजकूर छापणाऱ्याचे वर्गणीदार तुटत. लेखक पैसे भरू लागला तेव्हा उलट झालं. जो जितके लेख नाकारील, तितकं त्याचंच नुकसान. सगळेच लेख स्वीकारले तर? हा प्रश्न कुणाला तरी पडणारच होता, आणि तो पडला.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेत जेफ्री बील नावाचे ग्रंथपाल होते. आमच्याच जातकुळीतला माणूस. २०१०च्या सुमारास त्यांनी अशा प्रकाशकांना ‘प्रेडेटरी’, म्हणजे सावजावर झडप घालणारे, असं नाव दिलं आणि त्यांची यादी करायला घेतली. जानेवारी २०१७ मध्ये ती यादी त्यांनी मागे घेतली, पण नाव राहिलं. मराठीत कुणी ‘भक्षक’ म्हणतात, कुणी ‘लुटारू’. मला दोन्ही शब्द अर्धेच पटतात. झडप म्हटली की सावज बिचारं निष्पाप असतं. इथे काही जण खरोखर फसतात. काही मात्र पिशवी घेऊन स्वतःच बाजारात गेलेले असतात. आमच्याकडे बाजारात बनावट मालाला ‘डुप्लिकेट’ म्हणतात. मला तोच शब्द बरा वाटतो, कारण डुप्लिकेट माल घेणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक असतं.

ही पिशवी हातात दिली कुणी, हेही सांगितलं पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निदान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला हवा असं ठरवलं. २०१०च्या नियमांनी प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुण लावले. एवढे निबंध, एवढे गुण. हेतू वाईट नव्हता. पण ज्या कॉलेजात प्रयोगशाळेत पाणी येत नाही, ग्रंथालयात नियतकालिक येत नाही, तिथल्या माणसाकडूनही दरवर्षी संशोधन मागितलं गेलं. मागणी आली, पाठोपाठ माल आला. पीएच.डी.साठीची ती अट आयोगानं २०२२च्या नियमांत काढून टाकली, पण तोवर दुकानं थाटली गेली होती. फिनलंडमधल्या दोघा अभ्यासकांनी २०१५ साली अंदाज मांडला, की जगभरच्या अशा नियतकालिकांत २०१० साली ५३,००० लेख निघाले होते, ते २०१४ साली ४,२०,००० झाले. प्रकाशकांत आणि लेखकांत भारताचा वाटा मोठा होता.

यांच्याकडे लेख वाचतच नाहीत, हे सिद्ध करायला काही जणांनी मुद्दाम परीक्षा घेतली. जॉन बोहॅनन या पत्रकारानं एक खोटा लेख रचला. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीतल्या द्रव्यानं कर्करोगाच्या पेशी मरतात असा त्यात दावा, आणि प्रयोगात कॉलेजातल्या मुलालाही दिसावी अशी खोट. तो त्यानं ३०४ नियतकालिकांकडे धाडला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. हा हिशेब ‘सायन्स’ या साप्ताहिकात ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या नियतकालिकांचा आकडा वेगळा दिला होता : ६४ जणांनी स्वीकारला, १५ जणांनी नाकारला. हे वाचून त्या दिवशी माझा चहा गार झाला.

दुसरी परीक्षा पोलंडच्या संशोधकांनी घेतली. अ‍ॅना ओ. शुस्ट नावाची एक बाई त्यांनी कल्पनेत जन्माला घातली. पोलिश भाषेत ‘ओशुस्ट’ म्हणजे लबाड. या बाईंच्या नावावर धड एक लेख नाही, संपादनाचा अनुभव नाही. तिचा संपादकपदाचा अर्ज ३६० नियतकालिकांकडे गेला आणि ४८ जणांनी तिला घेतलं. त्यांतले ४० बील यांच्या यादीतले होते. चौघांनी तर तिला थेट मुख्य संपादक केलं. हा वृत्तांत २०१७ साली ‘नेचर’मध्ये आला.

आणि तिसरी हकीकत आपल्या जवळची, हैदराबादची. तिथल्या ओमिक्स या प्रकाशन-समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ऑगस्ट २०१६ मध्ये फिर्याद दाखल केली. तज्ज्ञांकडून लेख तपासून घेतो असं खोटं सांगणं, शुल्क आधी लपवून ठेवणं, मोठ्या लोकांची नावं त्यांना न विचारता वापरणं, असे आरोप होते. मार्च २०१९ मध्ये नेव्हाडातल्या न्यायालयानं पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा निकाल दिला. ज्या हैदराबादेतून मराठी साहित्य परिषदेचं ‘पंचधारा’ तोट्यात राहून, माणसांच्या हौसेवर निघत आलं, त्याच गावाचं नाव या खटल्यामुळे जगभर झालं. याची बोच तिथल्या मराठी मंडळींना असेल तशी मलाही आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२३ साल. मी निवृत्त व्हायला थोडाच अवधी राहिला होता. आमच्याच कॉलेजात शिकलेली एक मुलगी तेव्हा मराठीची अतिथी व्याख्याती म्हणून काम करत होती. तासावर पगार, सुट्टीत पगार नाही. पीएच.डी. झालेली. विषय खानापूर तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या. सहा-सात वर्षं एस.टी.नं हिंडून, बायकांच्या ओट्यावर बसून तिनं त्या गोळा केल्या होत्या. जातं घराघरांतून गेलेलं, गाणाऱ्या बाया सत्तरीच्या पुढच्या. ते काम तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी केलेलं नव्हतं आणि पुढे कुणाला करता येणार नव्हतं.

ती दुपारी ग्रंथालयात आली. ‘सर, एवढं बघा की,’ म्हणत तिनं मोबाइल पुढे केला. प्रबंधातला सर्वांत चांगला भाग वेगळा करून तिनं बावीस पानांचा लेख एका ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकाला पाठवला होता. दोन दिवसांत उत्तर आलं होतं : तीन तज्ज्ञांनी लेख तपासला, कोणताही बदल न सुचवता स्वीकारला, अठराशे रुपये भरा. महिन्याभरात सीमेपलीकडच्या एका अनुदानित कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. अर्जात निबंधांची संख्या लिहायचा रकाना होता. आनंद व्हायला हवा तर ती गप्प होती.

‘मग अडचण काय?’ मी विचारलं.

‘चौदाव्या पानावर एक ओवी माझ्याकडून दोनदा पडली आहे, सर. पाठवल्यावर लक्षात आलं. तीन तज्ज्ञांना ती दिसली नाही?’

मला एवढंच पुरे होतं, पण तिची खात्री पटायला हवी होती. आम्ही ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या ओढल्या. त्या दुपारी जे पाहिलं ते क्रमानं सांगतो, कारण कुणालाही हे घरबसल्या पाहता येतं.

आधी नाव आणि पत्ता. नावात ‘इंटरनॅशनल’ होतं. पत्ता आपल्याच देशातल्या एका तालुक्याच्या गावच्या वसाहतीतला. फोन फक्त मोबाइल. पैसे भरायचं खातं संस्थेचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं.

मग विषय. शेती, आयुर्वेद, कायदा, यंत्रशास्त्र, शारीरिक शिक्षण, मराठी, कन्नड, हिंदी, सगळं एकाच छपराखाली. चांगलं नियतकालिक अनेक विषयांचं असू शकतं, पण मग त्याच्याकडे त्या त्या विषयाचे जाणकार असावे लागतात. इथे संपादक मंडळात चाळीस नावं होती. त्यांत मराठी शिकवणारा एकही नव्हता, ओव्यांचा अभ्यासक तर लांबच. मग ती बावीस मराठी पानं दोन दिवसांत वाचली कुणी?

मंडळात परदेशी विद्यापीठातला एक प्राध्यापक होता. नियतकालिकावर दिलेल्या पत्त्यावर न लिहिता आम्ही त्याच्या विद्यापीठाच्या पानावरून पत्ता काढला आणि दोन ओळी धाडल्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. या नियतकालिकाशी आपला संबंध नाही, नाव काढा म्हणून आपण तीनदा लिहिलं आहे.

मग आयएसएसएन. तो आठ अंकी क्रमांक खरा निघाला. इथे बरीच मंडळी फसतात. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे. आपल्या देशात तो दिल्लीहून विनामूल्य मिळतो, आणि देणारा मजकूर तपासत नाही. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून ड्रायव्हरला गाडी येते असं होत नाही.

त्याखाली ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ सात पूर्णांक काहीतरी. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी काढलेलं हे माप. एखाद्या नियतकालिकातल्या लेखांचा दाखला इतर संशोधक सरासरी किती वेळा देतात ते मोजायचं. ते आता क्लॅरिव्हेट ही एकच कंपनी दरवर्षी जाहीर करते. पण मिळतीजुळती नावं घेऊन आकडे वाटणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. पैसे भरले की आकडा मिळतो, पुढच्या वर्षी जरा मोठा मिळतो. आमच्या पुढ्यातला आकडा तशाच एका कंपनीचा होता.

त्याच्या शेजारी शिक्क्यांची रांग. गूगल स्कॉलरचं चिन्ह होतं. ते शोधयंत्र आहे, तिथे सापडणं म्हणजे पसंतीची पावती नव्हे. स्कोपसचं चिन्ह होतं, डीओएजेचं होतं. आम्ही त्या दोन्ही सूचींत जाऊन नाव शोधलं. नव्हतं. दुकानदारानं भिंतीवर टांगलेला दाखला बघून समाधान मानू नये. ज्यानं तो दिला म्हणतात, त्याला जाऊन विचारावं.

‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असंही ठळक लिहिलं होतं, क्रमांकासकट. हे प्रकरण थोडं मोठं आहे. आयोगानं जानेवारी २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली, ती ३८ हजारांवर गेली. विद्यापीठांनी सुचवलेली नावंही तीत होती. त्या नावांपैकी सुमारे हजार नियतकालिकं भूषण पटवर्धन आणि त्यांच्या पुण्याच्या सहकाऱ्यांनी तपासली, तेव्हा ८८ टक्के कमअस्सल निघाली. तो लेख मार्च २०१८च्या ‘करंट सायन्स’मध्ये आहे. मे २०१८ मध्ये आयोगानं ४,३०५ नावं एका फटक्यात काढली, आणि २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी, गाळीव यादी आणली. आमच्या पुढ्यातला क्रमांक जुन्या यादीचा होता. दुकान बंद करायची नोटीस आलेली, पण परवाना अजून काचेत लावलेला!

सर्वांत शेवटी आम्ही ते केलं जे खरं म्हणजे सर्वांत आधी करायला हवं. अंक उघडून वाचला. एका महिन्याच्या अंकात दोनशेवर लेख. एक मराठी लेख संतसाहित्यावरचा होता. तिसऱ्या पानापर्यंत ठीक होता. पुढे फॉन्ट बदलल्यामुळे सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल झाला होता, थेट शेवटपर्यंत चार पानं. तो तसाच छापला होता. संपादकानं पाहिला नव्हता. तज्ज्ञांनी पाहिला नव्हता. ज्यानं लिहिला त्यानंही छापून आल्यावर पाहिला नसावा, आणि ज्या समितीनं त्याचे गुण दिले असतील तिनंही नाही. ती मुलगी बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘माझ्या बायांच्या ओव्या यात जायच्या होत्या.’

इथे कुणी म्हणेल, गेल्या तर गेल्या. पुढे चांगल्या ठिकाणी पुन्हा द्यायच्या. तसं होत नाही. एकदा प्रसिद्ध झालेला लेख दुसरं चांगलं नियतकालिक घेत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. वैद्यकात खोटा लेख छापला तर एखाद्या रोग्याला धोका होतो, हे सगळ्यांना समजतं. आपल्या मराठीत धोका उलट्या बाजूचा आहे. खरा लेख अशा ठिकाणी गेला तर तो पुरला जातो. दुकान बंद पडलं की इंटरनेटवरची ती पानंही जातात, आणि काम झालं होतं याचा पत्ताही उरत नाही.

तिनं लेख मागे घेत असल्याचं कळवलं. उत्तर आलं, की मागे घ्यायचेही पैसे पडतील, नाहीतर लेख आहे तसा प्रसिद्ध करू. ही या मंडळींची नेहमीची तऱ्हा. आम्ही दोघांनी बसून पत्र लिहिलं. शुल्क भरलेलं नाही, हक्काच्या कागदावर सही केलेली नाही, प्रसिद्धीला परवानगी नाही, तरी छापलात तर लेखी तक्रार करू. सगळ्या पत्रव्यवहाराच्या प्रती काढून ठेवल्या. त्यानंतर तिकडून काही आलं नाही. पैसे भरले असते किंवा सही केली असती तर इतकं सोपं गेलं नसतं.

मुलाखत झाली. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याचे चौदा निबंध होते. ते मी पाहिलेले नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी मी बोलत नाही. पण समितीनं तरी पाहिले होते का, असं मी तिला विचारलं. ‘मोजले,’ ती म्हणाली.

पुढे तिनं तोच लेख एका जुन्या मराठी त्रैमासिकाला दिला. पाच महिने काही कळलं नाही. मग लेख परत आला, पण सोबत अडीच पानांची टिपणं होती. प्रत्येक ओवी कोणत्या गावची, कुणी म्हटली, तिचं वय काय, माहेर कुठलं, ते लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी जमवलेल्या लाखावर ओव्यांच्या संग्रहाशी ताडून पाहिलंत का? आणि चौदाव्या पानावर एक ओवी दोनदा आली आहे. ते शेवटचं वाक्य वाचून ती हसली, मग चिडली. ‘आता पुन्हा गावं हिंडू काय, सर?’ म्हणाली, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेली.

दोन बाया आता नव्हत्या. पण माहेराचा प्रश्न विचारल्यामुळे एक गोष्ट हाती लागली. ज्यांची माहेरं कन्नड मुलखातली, त्या बाया काही ओव्यांत ‘माहेर’ न म्हणता ‘तवर’ म्हणत होत्या. कन्नडमधला ‘तवरु’ तो हाच. आधीच्या लेखात तिनं तो गावठी उच्चार समजून सोडून दिला होता. सासरच्या भाषेत गाताना माहेराचा शब्द तेवढा माहेरच्याच भाषेतला राहिला होता. आपल्या सीमाभागाविषयी याहून बोलकी गोष्ट मी तरी अलीकडे ऐकली नाही, आणि ती उजेडात आली ती कुणीतरी अडीच पानं खरडून लेख परत पाठवला म्हणून. २०२४ मध्ये लेख छापून आला. शुल्क नाही, प्रमाणपत्र नाही. अंकाच्या दोन प्रती टपालानं आल्या. ती अजून अतिथी व्याख्यातीच आहे.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. गरीब असणं आणि खोटं असणं यांत फरक आहे. बील यांच्यावर टीका झाली ती याच कारणानं. ब्राझीलमध्ये सुरू झालेल्या ‘सायेलो’ या चांगल्या मुक्तद्वार उपक्रमालाही त्यांनी २०१५ साली झोपडपट्टीची उपमा दिली, आणि दक्षिण अमेरिकेतले अभ्यासक रागावले. आपली कितीतरी मराठी नियतकालिकं एका खोलीतून निघतात. संकेतस्थळ नसतं, अंक उशिरा येतो, मुद्रितशोधन कधी राहून जातं. पण तिथे लेख वाचला जातो. उलट मोठं परदेशी नाव म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. वायलीसारख्या जुन्या प्रकाशकानं २०२१ मध्ये हिंदावी ही संस्था विकत घेतली आणि २०२३ या एका वर्षात तिच्या नियतकालिकांतले आठ हजारांवर लेख मागे घ्यावे लागले. आणि काही ठग तर खऱ्याच नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन चोरून हुबेहूब दुसरं दुकान मांडतात. जिनिव्हाचं ‘आर्काइव्ह दे सियांस’ आणि ऑस्ट्रियातलं वनस्पतिशास्त्राचं ‘वुल्फेनिया’ यांच्या अशा नकला २०१२च्या सुमारास निघाल्या होत्या. म्हणून यादीत नाव सापडलं तरी लेख पाठवण्याचा पत्ता तोच आहे ना, ते पाहावं.

आता तर यादीही राहिली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं ‘केअर’ बंद केली. नियतकालिक कसं निवडावं याच्या काही कसोट्या सुचवल्या आणि निवड लेखकांवर व संस्थांवर सोपवली. काहींना हे संकट वाटतं. मला वाटतं, यादीनं आपल्याला वाचायचा आळस लावला होता. नाव यादीत आहे ना, मग गुण द्या. पाच निबंध मोजायला पाच मिनिटं लागतात. एक वाचायला तास लागतो. नेमणुकीच्या समित्यांनी पाच मोजण्याऐवजी एक वाचला, उमेदवाराला त्यातलंच चार प्रश्न विचारले, तर ही निम्मी दुकानं आपोआप बंद होतील. निबंधाची किंमत नियतकालिकाच्या आकड्यावरून ठरवू नये, हे २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या जाहीरनाम्यात जगभरच्या संशोधकांनी म्हटलंच आहे.

तोवर ज्या तरुण मंडळींना ‘आदरणीय डॉक्टरसाहेब’ अशी पत्रं येतात त्यांनी पैसे भरण्यापूर्वी एक दुपार काढावी. पत्ता बघावा, मंडळातल्या एकाला लिहावं, सूचीत जाऊन नाव शोधावं, आणि अंकातला एक लेख शेवटपर्यंत वाचावा. एकट्यानं जमत नसेल तर आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालाकडे जावं. त्याच्याकडे वेळ असतो. बहुतेक दिवस त्याला कुणी काही विचारत नाही.